स्मृतिभ्रंश झालेल्या आईला दवाखान्यात भेटायला जाताना

आपल्या खान्देशात कुणी ॲडमिट आहे असं कळलं की भेटायला जावंच लागतं. सकाळच्या एसटीनं चार जण, दुपारी टेम्पोतून आठ, संध्याकाळी व्याह्यांकडचे दोन. कुणाच्या हातात शहाळं, कुणाच्या हातात केळी, कुणाकडे बिस्किटांचा पुडा. आणि खाटेजवळ आल्या आल्या पहिला प्रश्न: "वळखं का माले?"

माझ्या आईच्या खाटेजवळ पहिल्याच दिवशी हा प्रश्न मी चौदा वेळा मोजला. पहिल्या दोन-तीन वेळी ती हसली. मग चेहरे निरखायला लागली, ओठ हलवायला लागली. संध्याकाळी आतेभाऊ वाकून तेच विचारायला लागला तेव्हा तिनं चादर डोक्यावरून ओढून घेतली आणि रात्री जेवलीच नाही.

आई ७९ वर्षांची. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात भाऊ-वहिनीजवळ राहते. अल्झायमरचं निदान होऊन चार वर्षं झाली होती. गेल्या वैशाखात न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि जळगावला ऑपरेशन करावं लागलं. मी नाशिकहून आले. भाऊ, वहिनी आणि मी मिळून अकरा दिवस काढले. त्यात आमचं बरंच चुकलं, काही जमलं. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली असेल तर उपयोगी पडावं म्हणून क्रमानं लिहिते आहे.

निघण्याआधी: एक कागद

स्मृतिभ्रंश झालेलं माणूस डॉक्टरांना स्वतःबद्दल सांगू शकत नाही. कुठे दुखतं, काल काय खाल्लं, कोणती गोळी सोसत नाही, यातलं काही नाही. वॉर्डातल्या सिस्टर दर पाळीला बदलतात. त्यामुळे ज्याला हे सगळं ठाऊक आहे त्यानं ते लिहून न्यावं. लांबून येणाऱ्या लेकानं किंवा लेकीनं हा कागद स्वतःच्या मनानं लिहू नये. रोज जो करतो त्याला विचारावं. आमच्याकडे ते वहिनीला माहीत होतं. आई डाव्या कानानं ऐकते, हे मला वहिनीनं सांगितलं. मी पोटची मुलगी असून मला ते माहीत नव्हतं.

कागदावर मोठ्या अक्षरात एवढं हवं: कोणत्या नावानं हाक मारली की बघते, कोणती भाषा कळते, चष्मा, कवळी, कानाचं मशीन आहे का, लघवी-संडासला जायचं असेल तर काय म्हणते किंवा काय करते, जेवण कसं लागतं, कशानं घाबरते, कशानं शांत होते, आजारी पडायच्या आधी चालणं-बोलणं कितपत होतं. ही शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे. खाटेवर पडलेली म्हातारी बघून नवीन डॉक्टरांना वाटतं, ही कायमचीच अशी असेल. ‘पंधरा दिवसांपूर्वी स्वतःच्या हातानं जेवत होती, अंगणात एकटी फिरत होती’ असं लिहिलेलं असलं की त्यांचा विचार बदलतो.

भाषेचं मुद्दाम लिहा. आमची आई पंधरा वर्षं नाशिकला येऊन-जाऊन होती, शुद्ध मराठी छान बोलायची. आजारानं ते मागे पडलं, अहिराणी तेवढी राहिली. यावल-रावेरकडची माणसं असतील तर त्यांची लेवा बोली असेल, सातपुड्यातली असतील तर पावरी किंवा भिली. "आजी, वेदना होत आहेत का?" याला आई उत्तर देत नव्हती. "पोट दुखस का?" म्हटलं की लगेच मान हलवायची. मी दहा-बारा वाक्यं लिहून कागद खाटेच्या डोक्याशी चिकटवला. केरळहून आलेल्या एका सिस्टरनं ती वाक्यं दोन दिवसांत पाठ केली.

चालू औषधांची नावं लिहिण्यापेक्षा पाकिटांसकट पिशवीच न्या. गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्या, काढे, चूर्णं, सगळं. आणि संकोच न करता सांगा, मशेरी लावते का, तंबाखू खाते का. वडील असतील तर दारू रोजची होती का. रोजची दारू अचानक तुटली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस भयंकर गोंधळतो, झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांना आधी कळलं तर त्यावर औषध आहे. तंबाखू तुटल्यानंही अस्वस्थपणा येतो. पाहुण्यांसमोर सांगायची लाज वाटत असेल तर बाहेर नेऊन सांगा, पण सांगा.

पिशवीत काय घ्यायचं

चष्मा, कवळी, कानाचं मशीन, त्याचे जादा सेल. हे घरी राहिलं तर निम्मा गोंधळ त्यानंच होतो. दिसत नाही, ऐकू येत नाही, जागा नवीन, मग घाबरणारच.

घरची गोधडी घ्या. तिचा वास ओळखीचा असतो. रोजचा पेला घ्या. एक-दोन फोटो पुरेत, त्यातही जुने, मोठे, एका फोटोत एक-दोनच माणसं असलेले. ठसठशीत आकड्यांचं घड्याळ चांगलं. सोनं मात्र घरी ठेवून या.

आणि डोक्यावर घ्यायला काहीतरी. आईनं जन्मभर लुगड्याचा पदर डोक्यावरून खाली येऊ दिला नाही. दवाखान्यात तिला पाठीमागून बंद बांधायचा गाऊन घातला. डॉक्टर आले, जावई आला, दीर आला की ती हातानं डोकं चाचपडायची, अंग चोरून घ्यायची, घास तोंडात घ्यायची नाही. आम्हाला वाटलं, भूक गेली. वहिनीनं स्वतःची ओढणी तिच्या डोक्यावरून घेऊन खांद्यावर पसरली आणि पेजेची वाटी पुढे केली. अर्ध्या तासात वाटी रिकामी झाली. वडिलांच्या बाबतीत हेच टोपीचं किंवा उपरण्याचं असू शकतं.

कुणी जायचं, कधी जायचं

एका वेळी खाटेजवळ दोन माणसं, जास्त नको. बाकीच्यांनी बाहेर बसावं. हे सांगणं आपल्याकडे अवघड जातं. चाळीस किलोमीटरवरून आलेल्या मावशीला बाहेर थांब म्हणायचं कसं? आम्ही शेवटी भावाला जिन्याशी उभं केलं. तो येणाऱ्याला चहा पाजायचा, सगळी हकीकत सांगायचा, शहाळी-केळी तिथेच उतरवून घ्यायचा आणि मग पाच मिनिटांसाठी वर पाठवायचा. कुणी रागावलं नाही. लोकांना चौकशी केल्याचं समाधान हवं असतं, ते त्यांना जिन्याशी मिळत होतं.

वेळ शक्यतो सकाळची, नाश्त्यानंतरची. दिवेलागणीला या आजारातली बरीच माणसं अस्वस्थ होतात. उठून जायला बघतात, ‘घर चाल’ म्हणून हट्ट धरतात. त्या वेळी गर्दी अजिबात नको. पण रोजचं, ओळखीचं एक माणूस मात्र त्याच वेळी जवळ हवं. दोघा-तिघांत पाळ्या लावायच्या असतील तर सगळ्यात शांत स्वभावाच्या माणसाला संध्याकाळ ते रात्र द्या. भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात, पण ‘पेशंटला स्मृतिभ्रंश आहे, चोवीस तास एक नातेवाईक जवळ ठेवू द्या’ अशी विनंती पहिल्याच दिवशी वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरना करा. बहुतेक ठिकाणी पास मिळतो. अतिदक्षता विभागात नाही मिळाला तर निदान जेवणाच्या वेळी आत सोडायला सांगा.

खाटेजवळ गेल्यावर

समोरून जा. बाजूनं किंवा डोक्याकडून येऊन हात लावला तर माणूस दचकतं. स्टूल ओढून बसा, तुमचे डोळे तिच्या डोळ्यांच्या पातळीला येऊ द्या. मग आपणच आपलं नाव आणि नातं सांगा: "माय, मी सुमन. तुन्ही पोर." माझं नाव इथं बदललं आहे, पण वाक्य हेच. उत्तराची वाट बघू नका, हात हातात घ्या.

‘वळखं का’ विचारूच नका. उत्तर आलं तर तुम्हाला बरं वाटेल. नाही आलं तर तिला कळतं की आपलं काहीतरी चुकलं, फक्त काय चुकलं ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अशी जाऊन बसले. ती बराच वेळ माझ्या हातातल्या बांगड्या चाचपत राहिली. मग म्हणाली, "आखाजी उनी का?"

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली का असं ती विचारत होती. आखाजी होऊन आठवडा झाला होता. पण आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गौराई बसवतात. माझं नाव तिला सापडलं नाही, पण समोर बसलेली बाई ही माहेरी आलेली लेक आहे, एवढं तिला सापडलं होतं. मी म्हटलं, "हाव माय, उनी." मग ती झोक्याच्या दोरांबद्दल बोलत राहिली, दोर कुठे ठेवलेत, कुणी काढायचे. मी हाव, हाव म्हणत राहिले.

एका वेळी एकच गोष्ट बोला आणि थांबा. मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा, कधी कधी उत्तर तितक्या उशिरा येतं. "चहा घेणार का दूध, की आधी तोंड धुवायचं?" असं तिहेरी विचारू नका. पेला दाखवा आणि "चहा?" एवढंच म्हणा. तिच्या अंगावरून डॉक्टरांशी, पाहुण्यांशी तिच्याबद्दल बोलू नका. "आता काही समजत नाही तिला" हे वाक्य खाटेपासून दूर जाऊन बोला, कारण सूर समजतो.

गेलेल्या माणसाला विचारतील. आई आमच्या वडिलांना विचारायची, "नाना कोठे शेत?", म्हणजे नाना कुठे आहेत. नाना जाऊन नऊ वर्षं झाली. पहिल्यांदा भावानं खरं सांगितलं. ती रडली, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली. तासाभरानं परत विचारलं. मग आम्ही सांगणं सोडलं. "नानांची आठवण आली का? नाना बैल कसे धुवायचे गं?" असं म्हणून आम्ही तिला नानांकडे नेत होतो. हे खोटं बोलणं आहे का यावर भाऊ आणि मी भांडलो. माझं मत असं की रोज नव्यानं दुःख देण्याचा हक्क आपल्याला नाही.

वेळेआधी ओळखायची गोष्ट: अचानक वाढलेला गोंधळ

इथं मी जास्त थांबणार आहे, कारण आमची सगळ्यात मोठी चूक इथं झाली.

ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री आई चादरीवरून काहीतरी वेचायला लागली. अंगठा आणि दोन बोटं. चिमूट धरायची, हलकेच ओढायची, मग हात पोटाशी नेऊन ओच्यात टाकायची. परत चिमूट. मी बघताच ओळखलं, ती कापूस वेचत होती. पन्नास वर्षं तिनं कापूस वेचला आहे. "येचाले जानं शे, ऊन व्हई जाई," असं पुटपुटत होती. मला भरून आलं. मी मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला, बहिणीला पाठवला. रात्रीच्या सिस्टरना दाखवलं तर त्या म्हणाल्या, वयामुळे होतं असं. रात्रभर ती वेचत होती, झोपली नाही. पहाटे सलाईन ओढून काढलं.

सकाळी शिकाऊ डॉक्टर मुलगी आली. तिनं दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "हे कधीपासून?" मग ओटीपोटावर हात ठेवून दाबलं. आई किंचाळली. आदल्या दिवशी लघवीची नळी काढली होती आणि त्यानंतर लघवी तुंबली होती. परत नळी घातल्यावर पाऊण लिटरहून जास्त लघवी निघाली. तपासणीत लघवीत जंतुसंसर्ग सापडला. पाच दिवस शौचालाही झालं नव्हतं.

त्या डॉक्टर मुलीनं नीट समजावलं. चादर, कपडे असे चिमटीत धरून ओढत राहणं हे डेलिरियमचं जुन्या काळापासून ठाऊक असलेलं लक्षण आहे. आपल्या गावांकडे ‘वात झाला’ म्हणतात ते पुष्कळदा हेच असतं. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. डेलिरियम काही तासांत, एक-दोन दिवसांत येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो, लक्ष एका जागी ठरत नाही, नसलेल्या गोष्टी दिसतात. आणि त्याच्या मागे जवळजवळ नेहमी शरीरातलं काही कारण असतं, बऱ्याचदा बरं करता येण्यासारखं. स्मृतिभ्रंश असलेल्यांना तो लवकर होतो, म्हणूनच ‘आधीपासून असंच आहे’ म्हणून तो सुटून जातो.

त्याचा दुसरा प्रकार तर आणखी सुटतो. माणूस गप्प होतं, सुस्त पडतं, दिवसा झोपतं, घास तोंडात धरून ठेवतं. भेटायला आलेले म्हणतात, "आज शांत आहेत." काल बोलत होती आणि आज एकदम शांत आहे, हे लगेच सांगण्यासारखं आहे.

हे ओळखणं भेटायला जाणाऱ्यालाच जमतं, कारण कालची आई कशी होती हे त्यालाच ठाऊक असतं. डॉक्टरांना सांगायचं वाक्य तयार ठेवा: "आईचा विसराळूपणा चार वर्षांचा आहे, पण हा गोंधळ कालपासूनचा आहे. डेलिरियम आहे का बघाल का?" आणि मग विचारा: लघवी होते आहे का, शौचाला कधी झालं, अंगात पाणी कमी पडलं का, सोडियम आणि साखर बघितली का, ऑक्सिजन बरोबर आहे का, ताप किंवा छातीत कफ आहे का, दुखणं दाबायला औषध पुरेसं आहे का, नवीन कोणती गोळी सुरू झाली का. झोपेची औषधं आणि सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ वाढवतात. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा दिवसांत अंगातलं पाणी कमी होणं हे कारण पहिल्या तीनांत धरा.

कारण सापडलं तरी गोंधळ लगेच जात नाही. काही दिवस लागतात, काहींना आठवडे. दिवसा उजेड, खिडकीशी बसवणं, चष्मा डोळ्यांवर, रात्री अंधार आणि शांतता, आणि पुन्हा पुन्हा तेच सांगणं: "दवाखाना शे. पाय मोडना व्हता. मी आठेच शे." (मी इथेच आहे.) आईचं वेचणं त्यानंतर चौथ्या दिवशी थांबलं. तो व्हिडिओ मी पुसून टाकला.

हात बांधण्याचा प्रश्न

सलाईन ओढलं की हात बांधतात. सिस्टर एक आणि पेशंट वीस असतात, त्यांची अडचण खरी आहे. पण बांधल्यानं माणूस आणखी घाबरतं, आणखी झटतं. आधी विचारा: ही नळी अजून लागतेच का? पुष्कळदा ती काढता येते. लागत असेल तर बाहीखाली, पट्टीखाली झाकून घ्या, दिसली नाही तर ओढत नाहीत. हाताला दुसरं काम द्या. आम्ही गुंडाळलेली सुतळी दिली, ती सोडवायची आणि परत गुंडाळायची. आणि सांगा, "आम्ही जवळ बसतो, बांधू नका." मग मात्र खरोखर बसावं लागतं. गुंगीचं इंजेक्शन देणार असतील तर कोणतं, कशासाठी आणि किती दिवस, हे विचारायला लाजू नका.

जेवण आणि दुखणं

भरवायचं असेल तर आधी पाठ जितकी सरळ होऊ शकते तितकी उंच करा. आडवं असताना चमचाभर पाणीही नको, ते श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. छोटा चमचा, एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. पाण्यानं ठसका लागत असेल किंवा जेवताना आवाज घोगरा होत असेल तर थांबून डॉक्टरांना सांगा. आईला ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून चालायची. पाहुण्यांनी आणलेली शेव, चिवडा, शेंगदाणे खाटेपासून दूर ठेवा. शहाळं आणि केळीसुद्धा विचारूनच द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यातलं पोटॅशियम बाधतं. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवलं असेल तेव्हा खाटेवर तशी चिठ्ठीच लावा, नाहीतर कुणीतरी प्रेमानं बिस्किट भरवतं.

‘दुखतं का’ याला ‘नाही’ असं उत्तर आलं तरी चेहरा बघा. कपाळाला आठ्या, कण्हणं, कूस बदलताना हात झटकणं, पाय पोटाशी घेणं. डॉक्टरांना सांगा की ही मागणार नाही, तुम्ही ठरल्या वेळेला द्या. रोज एकदा टाचा आणि माकडहाड उघडं करून बघा. लाल डाग दिसला की त्याच दिवशी सांगा. आणि दर दोन तासांनी कूस बदलली जाते ना, याकडे लक्ष ठेवा.

कागदपत्रं

घरातल्या एकानंच डॉक्टरांशी बोलावं आणि बाकीच्यांना फोन करावेत. आधार कार्ड, रेशन कार्ड पहिल्या दिवशीच पिशवीत हवं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र बसतो, ॲडमिट होतानाच त्याला भेटा. वय ७० किंवा जास्त असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत मदत क्रमांक आहे. तुमचंच मन थकलं तर टेली मानसचा १४४१६ चोवीस तास चालू असतो. मी एका रात्री तिथे फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी वीस मिनिटं ऐकून घेतलं.

निघताना

दारात उभं राहून पाच वेळा "मी जाते गं" नको. जेवण समोर आलं असताना किंवा दुसरं माणूस येऊन बसल्यावर उठा. "आत्ता येते" म्हणून फसवू नका. "आता वहिनी बसते तुझ्याजवळ" असं जे खरं आहे ते सांगा. दुसऱ्याच्या हाती पाळी देताना किती खाल्लं, लघवी कितीदा, झोप किती, नवीन काय दिसलं, हे चार शब्द वहीत लिहून जा. आमच्या त्या वहीमुळेच पुढे शौचाचे दिवस मोजता आले.

घरी सोडताना

डिस्चार्जच्या कागदावर दवाखान्यात सुरू केलेली प्रत्येक गोळी किती दिवस घ्यायची हे लिहून घ्या, विशेषतः झोपेची. ती तशीच सहा महिने चालू राहिलेली मी शेजारच्या घरी पाहिली आहे. फिजिओथेरपिस्टकडून उठवण्या-बसवण्याची पद्धत घरी जो करणार आहे त्यानं स्वतः हात लावून शिकावी. न्हाणीत धरायला दांडी, रात्री संडासच्या वाटेवर दिवा, हे आधी करून मगच गाडी बोलवा. खाट जुन्याच जागी, जुन्याच दिशेला ठेवा.

पहिले आठ-दहा दिवस पाहुणे नकोत. आमच्याकडे लोक ओट्यावर बसून चहा घेऊन जात होते. आई आतल्या खोलीत, डोक्यावर वहिनीची ती ओढणी घेऊन, सुतळी गुंडाळत बसलेली असायची.